कनू की डिंगी: शिडाची छोटी होडी निवडणे आणि कनूवर शीड चढवणे

एकट्याने चालवता येईल अशी शिडाची छोटी होडी घ्यायची म्हटली की बहुतेक जण डिंगीच, म्हणजे रुंद तळाची, शिडावरच चालणारी होडी घेतात. कारण उघड आहे. क्लब डिंगीचे, शिकवणारे डिंगीवर शिकलेले आणि सुटे भागही तिचेच मिळतात. पुढे वर्षभरात ती होडी क्लबाच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहते, कारण दर वेळी ती पाण्यात उतरवायला दुसरा माणूस लागतो. कनूचे, म्हणजे लांब-अरुंद वल्ह्याच्या होडीचे, वेड असलेल्यांचे उलटे होते. हलकी आणि सोपी म्हणून ते कनू घेतात, बाजारात दिसेल ते शीड चढवतात आणि पहिल्याच झोताला पाण्यात पडतात.

तुलना नेहमी वेगाची होते. आमच्या मते वेग हा चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन असे: होडी पाण्यापर्यंत कोण नेणार, वारा पडला तर परत कसे येणार, आणि पालथी झाल्यावर एकटा माणूस ती किती वेळात पुन्हा चालती करणार.

दोन्हींची मापे

डिंगीचा नमुना म्हणून लेझर घेऊ. २०१९पासून शर्यतींत तिला इल्का म्हणतात. लांबी ४.२ मीटर, रुंदी सुमारे १.४ मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन ५९ किलो, मोठे शीड ७.०६ चौरस मीटर. याच सांगाड्यावर डोलकाठीचा खालचा भाग बदलून ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचे शीडही चढते. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची. दोघांची एंटरप्राइज चार मीटरची, पण ९० किलोंच्या वर.

शीड चढवण्याजोगी उघडी कनू साधारण ४.६ ते ५ मीटर लांब, ८५ ते ९२ सेंटीमीटर रुंद आणि २७ ते ४० किलोची असते. फायबरची हलकी, तीन थरांच्या प्लास्टिकची जड. शीड ३ ते ४ चौरस मीटर, त्याहून मोठे नको.

कनूवर शीड ही नवी टूम नाही. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली १५ फूट लांब आणि २८ इंच रुंद, वर डेक असलेली ‘रॉब रॉय’ बांधून घेतली आणि वल्हे व छोट्या शिडाच्या जोरावर युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये कनू क्लब निघाला. अमेरिकेत पॉल बटलरने १८८०च्या दशकात कनूवर आडवी सरकती फळी बसवली. तिच्यावर बसून चालवणारा होडीच्या पार बाहेर जातो. १० चौरस मीटर शिडाची आंतरराष्ट्रीय शर्यतीची कनू त्याच वंशातली आहे आणि ती बहुतेक डिंग्यांना मागे टाकते. ती चालवायला सर्कशीचा तोल लागतो, तेव्हा या लेखात तिचा विचार नाही.

तोलाचा हिशेब

इथे थोडे गणित करावे. दोन्ही होड्यांचा स्वभाव त्यातूनच कळतो.

१० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर वाऱ्याचा दाब शिडाच्या दर चौरस मीटरला साधारण २ किलो येतो. दाब वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १५ नॉटला तो साडेचार किलोंच्या घरात जातो. कनूचे शीड साडेतीन चौरस मीटरचे धरा. शिडाचा मध्य आणि होडी बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात सोडलेल्या फळीचा मध्य यांत १.९ मीटर उंची धरा. १० नॉटला होडी उलथवणारा जोर ७ गुणिले १.९, म्हणजे सुमारे १३ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नव्हे). १५ नॉटला तोच ३०. आता ७५ किलोचा माणूस कनूच्या काठावर बसला तर मध्यरेषेपासून फार तर ४० सेंटीमीटर बाहेर जातो. त्याचा उलटा जोर ३० किलो-मीटर. म्हणजे १५ नॉटला हिशेब बरोबरीत संपतो.

लेझरवर शीड दुप्पट आणि उंच. १० नॉटला उलथवणारा जोर ३९ आणि १५ नॉटला ८७ च्या आसपास. पण होडी रुंद आणि पाय अडकवायला पट्टा, त्यामुळे तोच माणूस १.१ मीटर बाहेर लटकतो आणि ८२ किलो-मीटर भरतो. म्हणजे दोन्ही होड्यांची मर्यादा जवळपास एकाच वाऱ्याला येते! हा हिशेब ढोबळ आहे, होडीच्या तळाचा स्वतःचा आधार त्यात धरलेला नाही, पण व्यवहारात अनुभव हाच येतो.

फरक दुसरीकडे आहे. लेझर त्या वाऱ्यात पाण्यावर उचलली जाते आणि १० नॉटच्या पुढे पळते. कनू आपल्या लांबीने ठरणाऱ्या वेगावर, म्हणजे पाच-सव्वापाच नॉटवर अडते. तिला जास्त शीड दिले तरी ती कलते, वेग वाढत नाही. कनूची ताकद ५ ते १० नॉटच्या वाऱ्यात. लांब-अरुंद तळाला तेव्हा पाणी फार कमी अडवते.

चुकीची किंमतही निराळी. डिंगीत अर्धा सेकंद उशिरा बाहेर लटकलात तरी रुंद तळ तेवढा वेळ देतो. कनू नुसत्या अंग हलवण्यानेही कलते. शिडाची दोरी, जिला क्लबात शीट म्हणतात, ती कनूत कधीही अडकवून ठेवायची नाही, सतत हातातच. झोत आला की आधी दोरी सोडायची, मग अंग बाहेर टाकायचे. डिंगीवर शिकलेले लोक हा क्रम उलटा करतात आणि कनूत हमखास पडतात.

वारा नसताना

कनूचा निर्विवाद गुण हा. शीड उतरवले, गुंडाळून आडवे टाकले की ती वल्ह्याची होडी होते आणि एकटा माणूस ताशी पाच किलोमीटर आरामात काढतो. लेझरमध्ये वारा पडला की सुकाणू हलवत, हाताने पाणी मारत यावे लागते किंवा ओढून नेणाऱ्या होडीची वाट पाहावी लागते. मिरर (ही दोघांची आणखी एक डिंगी) किंवा एंटरप्राइजमध्ये वल्ही ठेवता येतात, पण रुंद होडी वल्हवणे हे कामच आहे.

वाहतुकीतही कनू जिंकते. ३० किलोची कनू एकटा माणूस एक टोक आधी टेकवून गाडीच्या टपावर चढवू शकतो. आडव्या दांड्यांवर दोन पट्टे बांधा, शिवाय पुढच्या-मागच्या टोकाला एकेक दोरी. टोकांच्या दोऱ्या विसरल्या की घाटातल्या वाऱ्यात कनू पट्ट्यांखालून सरकते. लेझरला दोन माणसे आणि उतरवायची चाकगाडी हवी.

पालथी झाल्यावर

इथे डिंगी सरळ जिंकते, आणि ज्यांना हे आधी कळत नाही ते कनू विकून टाकतात.

लेझरचा सांगाडा बंद पेटीसारखा. आडवी पडली की मध्यातल्या फळीवर, म्हणजे डॅगरबोर्डवर चढायचे, काठ धरून मागे झुकायचे, होडी उभी राहते. बसायच्या खळग्यातले पाणी चालू होडीत तळच्या भोकातून आपोआप निघते. सराव असेल तर दोन मिनिटांचे काम. अडचण एकच: धरणाच्या उथळ भागात किंवा खाडीत डोलकाठी चिखलात रुतते. तेव्हा फळीवर उड्या मारू नका. होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवा आणि सावकाश भार द्या, नाहीतर डोलकाठी वाकते.

उघडी कनू काठोकाठ भरली तर पाचशे लिटरांहून जास्त पाणी घेते. अर्धा टन पाणी इकडून तिकडे हिंदकळत असताना तिच्यात चढलात की ती परत पालथी. यावर उपाय हवेच्या पिशव्यांचा. एक लिटर हवा एक किलो भार उचलते. एकूण निदान २०० ते २५० लिटर हवा हवी, आणि ती नुसती दोन टोकांना नको. टोकांनाच पिशव्या असतील तर मधला भाग पाण्याखाली राहतो आणि उपसलेले पाणी काठावरून परत आत येते. दोन्ही कुशींना, काठाखाली, लांबट पिशव्या बांधल्या की उभी केल्यावर आत बादलीने उपसता येईल इतकेच पाणी उरते.

क्रम असा. होडी सोडू नका. शीट मोकळी आहे का बघा. शीड वर ठेवणारी दोरी सोडून शीड पाण्यातच खाली घ्या. मधल्या आडव्या फळीला कायमची बांधलेली दोन-अडीच मीटरची दोरी तळावरून आपल्या बाजूला टाका, तिला धरून मागे झुका. होडी उभी राहिली की मध्यावरूनच आत या: एक पाय दोरीच्या रिकिबीत, दोन्ही हात पलीकडच्या काठाकडे, पोटावर सरपटत. मग १० लिटरची बादली. बादली दोरीने बांधलेली हवी, नाहीतर ती आधीच वाहून गेलेली असते.

कुठले पाणी, कुठली होडी

पुण्या-नाशिकच्या आसपासची धरणे डोंगरांत आहेत. तिथे वारा खिंडीतून झोताझोताने येतो आणि दिशा बदलतो. त्यात मासेमारीची जाळी. कनूची कडेला लावलेली फळी आणि सुकाणू दोन्ही वर उचलता येतात म्हणून ती जाळ्यांवरून निघते; लेझरची फळी हाताने ओढून वर घ्यावी लागते. धरणात उतरायची परवानगी मात्र आधी विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा.

कोकणच्या खाड्यांसाठी आम्ही डोळे मिटून कनू सुचवू, एका अटीवर: तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओढ दोन-तीन नॉटची होते आणि वल्ह्याचा वेगही तेवढाच. अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ओढ मंदावते. भरतीबरोबर आत जायचे आणि ओहोटी लागली की बाहेर यायचे. वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे पालथे होण्याचा सराव करू नये हे सांगायला नको.

मुंबईचा समुद्र आणि गोव्याचे किनारे डिंगीचे. हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, तो पडतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा दहा ते पंधरा नॉटपर्यंत चढतो. वर केलेल्या हिशेबात कनूची मर्यादा नेमकी तिथे संपते. समुद्रात पावसाळ्यात दोन्ही बंद. तळ्यांचे गणित वेगळे: हैदराबादच्या हुसेन सागरावर लेझरच्या शर्यती जुलैतच होतात.

कनूवर शीड चढवणे

भारतात तयार शिडाची कनू सहसा मिळत नाही. उघडी कनू घ्या किंवा फायबरच्या कारागिराकडून करून घ्या आणि पुढची कामे याच क्रमाने करा.

आधी पिशव्या. त्या ३-४ मिलिमीटर दोरीच्या जाळीत घट्ट बांधा; नुसत्या दोन बंदांनी बांधलेली पिशवी पाण्यात उसळी मारून बाहेर येते. उन्हात हवा फुगते, म्हणून किनाऱ्यावर पूर्ण भरू नका. होडी पाण्यात ठेवून दहा मिनिटांनी उरलेली हवा भरा.

मग शीड. पहिले शीड बॅलन्स्ड लग प्रकारचे घ्या: चौकोनी, वरखाली काठ्या, पुढचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे. डोलकाठी तीन मीटरचीच पुरते, दोरी सोडली की सगळे खाली येते आणि रीफ, म्हणजे शीड लहान करायचे बंद, बसल्या जागी बांधता येतात. साडेतीन चौरस मीटर, रीफच्या दोन ओळी. तिकोनी उंच शीड वाऱ्यावर थोडे वर जाते, पण त्याची डोलकाठी पाण्यात काढता येत नाही. कनूत हा तोटा मोठा.

शिडाचा मध्य काढायला पुठ्ठ्यावर १:२० प्रमाणात शीड कापा. एका कोपऱ्यातून टाचणीवर टांगून ओळंब्याची रेघ मारा, मग दुसऱ्या कोपऱ्यातून. रेघा छेदतात तो मध्य. हा बिंदू पाण्याखालच्या फळीच्या मध्याच्या सरळ वर किंवा ५ ते १० सेंटीमीटर पुढे यायला हवा. डोलकाठीच्या आडव्या फळीला आणि खालच्या खोबणीला पुढे-मागे दोन-तीन भोके ठेवली की चूक सुधारता येते.

डोलकाठीसाठी ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोके फोमने बंद, म्हणजे ती तरंगते. तिला वरून ताण दोऱ्या नाहीत, सगळा भार काठावरच्या आडव्या फळीवर. तळ आणि फळी यांत जेमतेम ३० सेंटीमीटर अंतर असते. १५ नॉटला फळीवर ८०-९० किलोंचा आडवा जोर येतो, झोताला त्याच्या दुप्पट. म्हणून फळी २५ मिलिमीटर जाड आणि १५ सेंटीमीटर रुंद, काठातून आरपार ६ मिलिमीटरचे चार बोल्ट. लाकडी स्क्रू लावलेत तर एक दिवस फळीसकट डोलकाठी शेजारी पडलेली दिसेल.

बाजूची फळी, म्हणजे लीबोर्ड, एकच पुरते. वारा कुठल्याही बाजूने आला तरी ती काम करते. मरीन प्लाय १८ ते २० मिलिमीटर, २५ सेंटीमीटर रुंद, एकूण लांबी एक मीटर, त्यातली ६५ सेंटीमीटर पाण्यात. हे क्षेत्रफळ शिडाच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास येते, ४ ते ५ टक्के ही चांगली मर्यादा. पुढची कड गोल, मागची निमुळती. एका १० मिलिमीटर बोल्टवर मोठे वॉशर घालून हाताने पिळायच्या नटाने आवळा, इतकेच की फळी दगडाला लागली तर मागे फिरेल. फळी होडीच्या मध्यरेषेला समांतर आहे का हे दोन्ही टोकांपासून मोजून बघा. एखादा अंश तिरकी असली की होडी सतत एका बाजूला ओढते आणि दोष विनाकारण सुकाणूला लागतो.

सुकाणूचे पाते १८ ते २० सेंटीमीटर रुंद आणि पाण्याखाली ४० सेंटीमीटर. कनूत तुम्ही मध्यात बसता, त्यामुळे सुकाणूच्या डोक्यावर आडवा छोटा हात आणि त्याला दीड मीटरचा ढकल-ओढ दांडा लावा. दांडा पुढे ढकलला की होडी कुठे वळते हे पाण्यात उतरण्याआधी पाठ करा. डिंगीच्या सवयीने हात उलटा जातो.

शीटसाठी ८ मिलिमीटरची मऊ दोरी, बाकीच्यांसाठी ५ ते ६. शीड चढवायची दोरी हाताशी येईल अशी मागे घ्या. खाली ओढणारी दोरी मात्र जोरात आवळा. शिडावर पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे सुरकुती दिसली तर ती ढिली आहे.

पहिल्या दिवशी

वारा ५ ते ८ नॉट, पाण्याकडून किनाऱ्याकडे येणारा. पाण्यावर वीतभर लाटा असतील, पांढरे तुरे नसतील. लाइफ जॅकेट अंगावर, वल्हे दोरीने बांधलेले, जादा वल्हे आत.

शीड न चढवता छातीभर पाण्यात होडी मुद्दाम पालथी करा आणि आत या. मग शीड चढवून तेच. पालथे झाल्यापासून पुन्हा चालू लागेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर त्या दिवशी पोहून येण्याच्या अंतरापलीकडे जाऊ नका. त्यानंतर वारा आडवा घेऊन किनाऱ्याला समांतर ये-जा करा. तळाशी गादीवर बसा. काठावर बसायची गरज पडली की ती रीफ बांधायची वेळ समजा.

वाऱ्यातून वळताना, म्हणजे टॅक करताना, लांब कनू डिंगीसारखी गर्रकन फिरत नाही. वेग असताना सुरुवात करा, सुकाणू हळूहळू दाबा, वजन थोडे पुढे सरकवा म्हणजे मागचे टोक उचलले जाऊन सुटते. तरी मध्येच अडकली तर शीड हाताने उलट्या बाजूला धरा, वारा तोंड ढकलून देतो. ते नको असेल तर वल्ह्याचा एक फटका. शर्यत नसेल तर त्यात कमीपणा नाही.

बिघाड ओळखणे

होडी सारखी वाऱ्याकडे तोंड करते, दांडा जड लागतो: आधी सुकाणूचे पाते पूर्ण खाली आहे का बघा. अर्धवट उचललेले पाते हे सगळ्यात नेहमीचे कारण. ते ठीक असेल तर होडी फार कललेली आहे. त्यानंतरच फळीचे खालचे टोक थोडे मागे झुकवा किंवा डोलकाठी पुढच्या भोकात घ्या.

वारा पाठीशी घेतल्यावर होडी डावी-उजवी गडगडते: शीड ९० अंशांच्या पलीकडे सुटले आहे. हातभर आत ओढा, फळी अर्धी खाली करा, तळाशी बसा. लेझरमध्येही याच कारणाने लोक पाठच्या वाऱ्यात पडतात.

फळीजवळ फसफस आवाज येतो आणि होडी बाजूला घसरते: फळीच्या बाजूने हवा खाली ओढली जात आहे. वेग थोडा कमी करून पुन्हा वाढवा. वारंवार होत असेल तर पुढच्या कडेचा आकार बिघडला आहे.

भीतीपोटी अनेक जण दोन्ही बाजूंना तरंगते लावतात, कोकणी होडीच्या उलांडीसारखे. त्यांनी दोन नॉट जास्त वारा झेपतो, मूल बरोबर असेल तर लावावेतच. पण सहा ते दहा किलो वाढतात, वळायला वेळ लागतो, आणि एवढे करूनही उलटलीच तर ती एकट्याला उभी करणे फार अवघड.

जुनी डिंगी घेणार असाल तर

वरचे सगळे वाचून डिंगीच हवी असे ठरले, तर क्लबातली जुनी लेझर ही भारतातली सगळ्यात सोपी खरेदी. तिच्यात तीन जागा तपासा. होडी हलवा, आत पाणी खळखळले किंवा दोघांना उचलताना ५९ किलोंहून बरीच जड वाटली तर जोड गळत आहेत. डोलकाठीच्या खालच्या नळीवर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, जिथे जोडतात तिथले रिव्हेट बघा, खाऱ्या पाण्याने तिथे नळी खाल्लेली असते. शेवटी डोलकाठी बसते ते भोक पाण्याने काठोकाठ भरा, पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि पंधरा मिनिटे थांबा. पाणी खाली गेले तर पाया फुटलेला आहे. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या, नाहीतर ती होडी सोडून द्या.